सुशीलाची पळी

घाणेवाल्याच्या घरात तेल विकताना मोजतात, खाताना मोजत नाहीत. सदाशिवच्या घरात तर ही रीतच होती. भाकरी वाढायची, शेजारी शेंगाचटणीचा ढीग घालायचा, ढिगाला बोटानं आळं करायचं आणि त्या आळ्यात करडईचं तेल ओतायचं, ते काठावरून उतू गेलं की थांबायचं. डाळीवर वरून तेल, मऊ भातावर तेल. सुशीला लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूनं तिच्या हातात किल्ल्या दिल्या नाहीत, तेलाची पितळी पळी दिली आणि सांगितलं, "पोरी, या घरात कुणाचं पान कोरडं दिसू देऊ नको." सासू जाऊन वर्षं लोटली, पण सुशीलानं तो शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

गाव हुबळीहून नवलगुंदच्या वाटेवर, काळ्या रानातलं. मराठी बोलणारी घरं मोजकी, बाकी सगळा गाव कानडी, आणि दोन्ही भाषा सगळ्यांच्याच तोंडात. सदाशिवचा घाणा लाकडी. बैल गेले, मोटर आली, पण उखळ आणि त्यात फिरणारी लाकडी लाट आज्याच्या वेळचीच. लोक आपापली करडई पोत्यात घालून आणत, समोर बसून गाळून घेत, तेल आपलं आणि पेंड घाणेवाल्याची. दर वर्षी नव्या करडईचा पहिला घाणा पाडव्याला. पहिली धार सदाशिव उजव्या तळहातावर घ्यायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचा. तो "हां" म्हणाला की मग डबे भरायचे, मग कडुनिंब-गूळ वाटायचा. तोवर गावातलं माणूस डब्याचं झाकण काढत नसे. जिभेचा मान होता तो. बापाची जीभ सदाशिवला आली होती. पोरगा मयूर मोटर झकास चालवायचा, पण उकळता चहा घशाखाली ओतायची सवय, जिभेचं पार कातडं झालेलं.

यंदा संक्रांत झाली आणि करडई काढायला आली. करडई म्हणजे काट्यांचं पीक. पहाटेच्या दवात काटे नरम असतात तोवरच विळा चालवायचा, ऊन चढलं की हात घालायची सोय नाही. कामाला माणसं मिळेनात. मग सदाशिव स्वतःच हातापायांना पोत्याची फडकी गुंडाळून रानात उतरला. चपलेचा तळ झिजलेला होता. टाचेत काटा घुसला तो चांगला खोल आत गेला. त्यानं तिथंच बांधावर बसून उपसून काढला आणि घरी येऊन हाक दिली, "सुशी, तेल तापव."

सुशीलानं तेल तापवलं, हळद घातली, टाचेवर ओतलं. कान दुखला तेल, केस गळाले तेल, पोरगं रडलं तेल, असं ते घर. आमच्या अप्पाचा जीव जायला लागला तरी आधी तेल लावून बघतील, असं मयूर चेष्टेनं म्हणायचा. पण चेष्टेची वेळ राहिली नाही. पाय गुडघ्यापर्यंत कोहळ्यासारखा सुजला, तांबडा झाला, अंगात ताप भरला, सदाशिव बरळायला लागला. मयूरनं त्याला टेंपोत घातलं आणि हुबळी गाठली.

दवाखान्यात मेधा नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी टाच चिरून पू काढला आणि सलाईनमधून जबर अँटिबायोटिक सुरू केलं. "अजून उशीर केला असता तर..." एवढं बोलून त्या थांबल्या आणि सुशीलाला पुढचं विचारायचा धीर झाला नाही. ती खाटेशी बसून नळीतून पडणारा थेंब बघत राहायची. घाण्याची धार बघून तिचा जन्म गेला होता, पण असा थेंब तिनं कधी बघितला नव्हता. हळूहळू सूज उतरली. पायाची बोटं परत बोटांसारखी दिसू लागली. घरी सोडायच्या दिवशी सुशीला डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायला वाकली, तशा त्या मागं सरकल्या.

"अहो काकू, हे काय?"

"तुमच्या न्हाई बाई, त्या औषधाच्या पाया पडालेय. माझ्या मालकाचा पाय ठेवलाय त्यानं." हे ती अगदी मनापासून म्हणाली.

घरी आणलं, दृष्ट काढली, आणि तिथून दुसरंच सुरू झालं. पाय बरा, पोट बिघडलं.

खाल्लेलं अंगी लागेना. जेवून हात धुतो न धुतो तोवर सदाशिव परसाकडं पळायचा. पळायचा म्हणजे लंगडत, भिंतीला धरत, एका हातानं धोतर आवळत. बरगड्या दिसायला लागल्या. तोंडाला चव नाही. गूळ दिला तरी म्हणायचा, "लोखंड चाटल्यागत लागालंय." ज्या जिभेवर अख्खा गाव डबे उघडायचा, त्या जिभेला गूळ कळेना.

सुशीलानं पदर खोचला. मालकाची ताकद गेलीय, ती भरून काढायला हवी. ताकद कशात? तेलात. तिनं मागच्या सालच्या तेलाचा राखून ठेवलेला डबा उघडला. मऊ भात शिजवला आणि वर पळी. मुगाची डाळ आणि वर पळी. जोंधळ्याच्या भाकरीचा पापुद्रा काढून, कुस्करून, त्यावर पळी. अंबिलीत सुद्धा वरून एक धार, आतडं ओलं राहावं म्हणून. सदाशिव पानाकडं बघायचा, मग बायकोकडं बघायचा, आणि मुकाट्यानं घास उचलायचा.

"खावा की वो. अंगात रक्त कसं भरणार?"

"खातोय की."

"सगळं संपवा. तेल तळाला ठेवू नगा, सगळा कस त्यातच असतोय."

आणि तो बोटानं पान निपटून घ्यायचा. सून सोनाली दारात उभी राहून हे बघायची. ती हुबळीतल्या केशवापूरची, बापाचं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन आली होती, सासूला कानडी वळणानं अत्ती म्हणायची, अजून तिच्यासमोर आवाज वर जात नव्हता.

एका सकाळी शेषगिरी मास्तर आले. धारवाडच्या शाळेतून निवृत्त झालेले, वाटणीनं लावलेलं थोडं रान होतं, आणि सदाशिवच्या घाण्याशिवाय दुसरं तेल घरात घेणार नाहीत असा हट्ट. सदाशिव घाण्यापाशी बाजेवर बसून उखळ पुसत होता.

"काय सदाशिवा, पाडव्याला धार पाडणार ना? नाहीतर लोक रोटरी मिलला जायचं बोलतायत. मी म्हटलं, ज्यांना घाई आहे त्यांनी जावं, मी थांबतो."

"पाडणार की, मास्तर. पाडव्याला काय झालंय?" सदाशिव उठून उभा राहिला. मास्तरांपुढं बसून कसं बोलायचं? पण उभा राहिला आणि पोटात मुरडा आला. तो वळला, दोन पावलं टाकली, आणि तिथंच, घाण्याच्या दारात, धोतर खराब झालं.

वास सुटला. सदाशिव भिंतीला हात टेकून तसाच उभा. बापाच्या वेळेपासूनच्या गिऱ्हाइकासमोर, घाण्यासमोर. त्याची मान वर होईना. सुशीला दारातून धावली.

मास्तर मात्र तोवर अंगणातल्या कडुनिंबाकडं तोंड करून उभे राहिले होते. "यंदा मोहर लवकर आलाय हो, सुशीलाबाई," ते झाडाकडं बघत म्हणाले, "पाडव्याला फुलं पुरतील की नाही कोण जाणे." आणि ते झाडाशीच बोलत बोलत, मागं न बघता, फाटकाबाहेर गेले. सुशीलानं नवऱ्याला न्हाणीत नेलं, गरम पाणी घातलं, धोतर धुतलं. धुताना तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण मास्तरांचं ते झाडाकडं बघणं तिनं मनात कायमचं ठेवून दिलं. असं माणूस देवानं घडवलं म्हणून जग चालतंय, असं तिला वाटलं.

मयूरनं अप्पाला परत हुबळीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. फार वाईट असं काही निघालं नाही. "अँटिबायोटिकनंतर पोट असं बिघडतं कधी कधी. जेवायला काय देता?" त्यांनी सुशीलाला विचारलं.

"मऊ भात, मुगाची डाळ, ताक, अंबील, भाकरीचा पापुद्रा."

"छान. अगदी बरोबर देताय. तळलेलं काही नको."

"न्हाई बाई, तळणाचं नाव सुद्धा न्हाई." सुशीलाला बरं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी पुड्या दिल्या, पाण्यात मीठ-साखर सांगितली. घरी येऊन सुशीलानं मऊ भात शिजवला आणि वर पळी ओतली.

दरम्यान रानातली करडई कापून खळ्यावर पडली होती. ती बडवायची, उफणायची, आणि सदाशिव नाही. मग सुशीलाच मयूरबरोबर खळ्यावर जाऊ लागली. सकाळी जायची ती दिवस कलल्यावर यायची. डोक्याला पटका, नाकाला पदर, अंगभर काट्यांचं कूस. दांडक्यानं बोंडं बडवताना तळहात सोलपटले. वारा पडला की सूप हातात धरून ताटकळायचं, वारा आला की झटकन उफणायचं. पांढरं शुभ्र बी पायाशी ढिगानं जमायचं. दर सूपभर बियाबरोबर ती मनात एकच घोकायची, पाडव्यापर्यंत हे उभे राहू देत.

घरात स्वयंपाक सोनालीकडं आला. जाताना सुशीला बजावून जायची, "मामांना पोटभर वाढ गं. हात आखडू नको."

"हां, अत्ती."

पहिल्या दिवशी परतली तर सदाशिव झोपलेला. दुसऱ्या दिवशी परतली तर बाजेवर बसून दोरी वळत होता. सुशीलाला अंगणात पाय ठेवताच काहीतरी वेगळं वाटलं. न्हाणीशी धोतर वाळत नव्हतं.

"अहो, आज धोतर?"

"लागलं न्हाई. पोट गप्प हाय, सुशी."

तिनं देवासमोर दिवा लावला, हात जोडले. डॉक्टरीणबाईंच्या पुड्या लागू पडल्या म्हणायच्या. मग दिव्यात तेल घालावं म्हणून स्वयंपाकघरात बुधली उचलली आणि ती थबकली. बुधली जड होती. सकाळी ठेवून गेली होती तेवढीच भरलेली.

"सोनाली!"

सोनाली पिठाच्या हातानं आली.

"मामांना काय वाढलंस?"

"भात, डाळ, ताक. तुम्ही सांगितलं तेच, अत्ती."

"तेल?"

सोनालीनं माहेराहून आणलेल्या मसाल्याच्या डब्यातला छोटा चमचा पुढं केला. बोटाच्या पेराएवढा. "फोडणीला एक घातला होता. पळी जड लागते मला, एकदम भसकन पडतं. म्हणून..."

"म्हणून काय? अगं, घाण्याच्या घरात नवऱ्याला... माझ्या मालकाला कोरडं वाढलंस? कापडवाल्याची पोर ना तू! तुमच्यात तेल पुडीतनं आणतात, थेंबा-थेंबानं चाटतात. आमच्यात न्हाई चालायचं ते!" सुशीलाच्या अंगावरचं दिवसभराचं कूस, तळहातांची सोलपटं, सगळं त्या एका चमच्यावर निघालं.

सोनालीचे डोळे भरले. "पण अत्ती, मामा दोन्ही दुपारी झोपले," ती एवढंच म्हणाली.

"झोपणार न्हाईत तर काय करणार? अंगात त्राणच ठेवलं न्हाईस!"

बाहेरून सदाशिवचा आवाज आला, "साकु गं, सुशी, साकु आता." पण पुरे म्हटल्यानं सुशीला कधी थांबली होती? दुसऱ्या दिवशी ती खळ्यावर गेली नाही. मयूरला एकटं पाठवलं, स्वतः चुलीशी बसली आणि दोन दिवसांची कसर भरून काढली. भातावर पळी, डाळीवर पळी, चटणीला आळं करून वर पळी. समोर बसून खाऊ घातलं. सदाशिवनं पान निपटून पुसलं.

आणि दुपारी तो अंगणात शेवग्याच्या बुंध्याशी कोसळला. परसाकडून परत येताना पाय लटपटले आणि खाली बसला तो उठेचना. ओठ पांढरे, कपाळ गार. "अहो! अहो!" म्हणत सुशीला त्याला हलवत राहिली. सोनालीनं पाण्यात मीठ-साखर ढवळून आणली, चमच्या-चमच्यानं तोंडात सोडली आणि दुसऱ्या हातानं फोन लावला. तिनं तो मोठ्या आवाजावर ठेवला आणि सासूपुढं धरला.

डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी होतेय का, रक्त दिसलं का, ताप आहे का, ते विचारून घेतलं. शुद्धीवर आहेत, पाणी घेतायत, मधले दोन दिवस पोट गप्प होतं, असं सोनालीकडून कळल्यावर म्हणाल्या, "संध्याकाळी घेऊनच या. पण काकू, मधे दोन दिवस बरे होते ना? मग आज जेवणात वेगळं काय होतं?"

"वेगळं काहीच न्हाई, बाई. भात आणि डाळच."

सोनालीनं सासूकडं बघितलं. सुशीलाची मान आपोआप खाली गेली. "तेल," ती म्हणाली.

"किती तेल? चमच्यानं सांगा."

"आमच्यात चमचा नसतोय. पळी असते."

"किती पळ्या?"

सुशीलाच्या हातात पळी तशीच होती. धावताना घेऊनच आली होती. "भातावर एक. डाळीवर एक. चटणीला एक, दीड. अंबिलीत वरनं धार."

"दोन्ही वेळा?"

"हां."

मग डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काकू, मी विचारलं होतं काय देता म्हणून. तेव्हा तेलाचं बोलला नाहीत."

"तुम्ही काय खाऊ घालता म्हणून विचारलासा. तेल काय खाणं हाय व्हय, बाई? पाणी पितो म्हणून कोण सांगतंय का?" म्हणता म्हणता तिचं तिलाच ऐकू आलं. तिनं हातातली पळी अंगणातल्या मातीत ठेवली.

संध्याकाळी दवाखान्यात सदाशिवला सलाईन लावलं, सोनालीच्या चमच्याचं ऐकून घेतलं आणि डॉक्टरीणबाई बाजूच्या स्टुलावर बसून बोलल्या. पायातले जंतू मारायला औषध दिलं, ते द्यावंच लागलं. पण पोटातही जंतू असतात, चांगले, अन्न जिरवायला हातभार लावणारे. औषधाला आपला-परका कळत नाही, त्यातलेही पुष्कळ गेले. ते परत वाढेपर्यंत पोट नाजूक असतं आणि अशा पोटात एवढं तेल ओतलं की ते जिरत नाही, खाली निघून येतं.

"म्हणजे तणनाशकागत," खाटेवरून सदाशिव क्षीण आवाजात म्हणाला. "तण जातंय, पण गांडूळ सुद्धा जातंय. मग रानाला दम खाऊ द्यावा लागतोय."

"अगदी तसंच, काका."

"मग आमचं तेल वाईट हाय का, बाई?" सुशीलानं विचारलं. त्या तेलावर तिचं घर उभं होतं.

"कोण म्हणतं वाईट? अशा वेळी पोटाला कुठलं तेल मानवतं, किती मानवतं, त्यावर अजून अभ्यास चाललेत. मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. मी एवढंच सांगते, तेल बंद करू नका, थोडं करा. फोडणीपुरतं. ताक द्या, भात द्या, केळं द्या. पोट सांगेल तसं पुढं वाढवू. तुमच्या सूनबाईंनी घातलं ना चमचाभर? तेवढंच."

सुशीला खाटेच्या पायथ्याशी बसली. नवऱ्याच्या तळपायावर हात ठेवला. टाचेचा व्रण गुळगुळीत झाला होता.

"अहो, तुम्हाला कळत हुतं का? की माझ्या तेलानंच हुतंय म्हणून?"

सदाशिव वर छताकडं बघत म्हणाला, "जरा जरा शंका यायची."

"मग बोललासा का न्हाई वो? मेल्यागत झालासा, तोंड उघडायला काय झालं हुतं?"

"तू ओतालीस म्हणून खाल्लं," तो म्हणाला. "तुझं तोंड बघायचो ना ओतताना. नको म्हणायला जीभ व्हायची न्हाई."

सुशीलानं त्याच्या पायावर डोकं टेकलं आणि ती रडली. आपण वेड्या आणि हाही वेडा. पण असला वेडा आपल्याला मिळाला आणि तो अजून हाताशी आहे, पाय धरून रडता येतंय, हे काय थोडं झालं? रडता रडताच ती देवाला, डॉक्टरीणबाईंना, मास्तरांना, सगळ्यांना मनातल्या मनात हात जोडत गेली आणि सगळ्यात शेवटी सोनालीपाशी येऊन अडली. तिथं नुसते मनातले हात पुरणार नव्हते.

घरी आल्यावर तिनं सुनेला न्हाणीमागं गाठलं. सोनाली भांडी घासत होती. सुशीला शेजारी बसली आणि राख घेऊन तीही घासू लागली.

"पोरी, मी तुला घालून पाडून बोलले."

"जाऊ दे, अत्ती."

"जाऊ दे कसं? कापडवाल्याची पोर म्हणाले. त्या कापडवाल्याच्या पोरीनं माझं कुंकू राखलं." सोनालीनं राखेचे हात तसेच तिच्या हातावर ठेवले.

त्यानंतर चूल सोनालीकडं राहिली. सुशीला खळ्यावरचं उरलेलं काम संपवायला गेली. पोट एकदम वळणावर आलं नाही. कधी एक दिवस बरा, कधी परत मुरडा. पण धोतरं दोरीवर कमी दिसू लागली. एका सकाळी सदाशिव चुलीपाशी येऊन म्हणाला, "सोनाली, भूक लागालीय गं." मयूर मोटरीला ग्रीस लावत होता, तो हातातलं टाकून आत आला. एवढं साधं बोलणं, पण त्या घरात कित्येक दिवस कुणी ते ऐकलं नव्हतं. संध्याकाळी गुळाचा खडा तोंडात धरून तो बराच वेळ बसला आणि म्हणाला, "गूळच हाय हा."

पण तेलाचं काय? गूळ कळणं वेगळं आणि धार कळणं वेगळं. त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण पाडवा जवळ आला तसा तो घाण्यापाशी जाऊन नुसता बसू लागला. जीभ आली नसली तर काय करायचं? खोटं "हां" म्हणायचं? बापाच्या घाण्यावर? सुशीलानं त्याच्या चेहऱ्यावर ते वाचलं. जीव वाचला, आता जिभेचं मागणं म्हणजे देवाला किती त्रास द्यायचा, असं म्हणत म्हणत ती मागतच राहिली.

पाडव्याला ऊन कोवळं असतानाच माणसं जमली. रोटरी मिलला जाणार म्हणणारेही डबे घेऊन आले होते. शेषगिरी मास्तर खुर्चीवर न बसता कट्ट्यावर बसले. कडुनिंबाची फुलं पुरली होती, सोनालीनं गुळात कालवून ताटलीत ठेवली होती. सदाशिव अंघोळ करून, काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी आला. मयूरनं उखळात बी ओतलं, पाण्याचा हबका मारला, मोटर सुरू केली. लाट कुरकुरत फिरू लागली. बियाचा चुरा झाला, चुऱ्याचा गोळा झाला, आणि खालच्या तोटीतून पिवळी धार सुटली.

सदाशिवनं तळहात पुढं केला. धार घेतली. जिभेला लावली. डोळे मिटले.

लाटेचा आवाज तेवढा. सुशीला दाराची चौकट घट्ट धरून उभी. त्याचा चेहरा हलला नाही. परत जिभेला लावलं. परत डोळे मिटले. सुशीलाला वाटलं, गेली जीभ.

"न्हाई," सदाशिव म्हणाला. डोळे उघडून त्यानं पोराकडं बघितलं. "मयूर, मोटर बंद कर. जुनं बी घातलंयस तू."

मयूरचं तोंड उतरलं. "अप्पा, पोत्याच्या बुडाशी मागच्या सालचं राहिलं हुतं. ओंजळ-दोन ओंजळ. उखळ भरंना म्हणून..."

"ओंजळ-दोन ओंजळ काय! खवट लागालंय शेवटाला, घशाकडं."

शेषगिरी मास्तरच आधी हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "आली रे! सदाशिवाची जीभ आली!" सगळा कट्टा हसला. आजवर कुठल्या पाडव्याला पहिली धार नापास झाली म्हणून लोक इतके खूष झाले नव्हते. मयूर शिव्या खाऊन एवढा कधी फुलला नव्हता. सुशीलानं चौकट सोडली आणि तिथंच उंबऱ्यावर बसून पदर तोंडाला लावला.

उखळ रिकामं केलं, पुसलं, नवं बी भरलं. दुसऱ्या धारेला सदाशिवनं लगेच मान हलवली. "हां." आणि डब्यांची झाकणं उघडली.

लोक पांगल्यावर घरची माणसं जेवायला बसली. पाडव्याच्या होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या होत्या, पण सदाशिवला भात आणि डाळ. चटणीची चिमूट. त्यानं चटणीच्या चिमटीला बोटानं इवलंसं आळं केलं आणि मान वर केली.

"सुशी, तेल कुठंय?"

किती दिवसांनी त्यानं मागितलं होतं. सुशीलाचा हात झटकन बुधलीकडं गेला. नवं तेल, ताजं, त्याच्याच जिभेनं पास केलेलं. तिनं पितळी पळी भरली, पानावर नेली, आणि पळी तशीच हवेत राहिली. तेल काठाशी हलत होतं.

मग तिनं पळी परत बुधलीत रिकामी केली. पदरानं पुसली आणि सुनेच्या पुढं धरली.

"धर. आजपासून तू वाढ."

"अत्ती, तुमची पळी ही."

"अगं घे. माझा हात थांबत न्हाई, पोरी. तुझा थांबतोय."

सोनालीनं पळी घेतली. पळीच्या टोकाला जेमतेम चमकेल एवढं तेल घेतलं आणि त्या इवल्याशा आळ्यात सोडलं.

सदाशिवनं आळ्याकडं बघितलं, मग सुनेकडं. "एवढंच?"

"एवढंच, मामा."

तो हसला आणि घास उचलला. सुशीला त्याला चावताना बघत राहिली, पहिला घास, दुसरा घास. बघता बघता तिच्या पानावर कधी तेल पडलं ते तिला कळलंच नाही. खाली बघितलं तर सोनालीनं तिच्या चटणीला मोठं आळं करून ते काठोकाठ भरलं होतं, आणि तेल उतू जाऊन भाकरीखाली चाललं होतं.

"जेवा, अत्ती," सोनाली म्हणाली. "या घरात कुणाचं पान कोरडं दिसू देऊ नये ना?"